रिकाम्या खुर्च्या : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची. लग्न होऊन अटलांटाला आले, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक छोटं सभागृह आहे. तिथे व्याख्यानं होतात, चर्चा होतात, आणि त्या दिवशी खुर्च्या मांडण्यापासून माइक नीट चालतोय का हे बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडे असतं. ऐंशी खुर्च्या मांडायच्या आणि कार्यक्रम संपला की एकात एक घालून भिंतीला लावून ठेवायच्या. हे काम करता करता कोण आलं आणि कोण आलं नाही, हे न मोजताही लक्षात राहतं.

गेल्या काही वर्षांत या सभागृहात वांशिक न्याय आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा राजकारणातला वाटा यावर बऱ्याच चर्चा झाल्या. आमच्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत, आजूबाजूच्या उपनगरांत मराठी घरंही भरपूर. चर्चेला मात्र माझ्याशिवाय एखादाच भारतीय चेहरा दिसतो. मागच्या वर्षी मी एका मंडळाला ईमेल केला, की सभासदांना जे मासिक पत्रक जातं त्यात या चर्चेबद्दल दोन ओळी टाकता येतील का? उत्तर आलं, अगदी आदबीने आलं : "ताई, विषय राजकीय आहे. शिवाय आपल्या लोकांचा विषय नाही." मंडळाचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या मंडळाला विचारलं असतं तरी फार वेगळं उत्तर आलं असतं, असं मला वाटत नाही. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे.

आपल्या लोकांचा विषय नाही. हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळची गोष्ट सांगते. इतिहासाच्या प्राध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या, पण बोलण्याआधी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. पेन्सिली मी वाटल्या. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नाव लावायचं तर जो अर्ज भरावा लागायचा, त्याची ती प्रत होती. नाव, वय, पत्ता, धंदा काय, नोकरी कोणाकडे करता. इथपर्यंत पेन्सिली भराभर चालल्या. त्यापुढे होतं : राज्यघटनेतलं अधिकारी सांगेल ते कलम खाली उतरवून काढा. मग : त्या कलमाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा. मग : घटनेनुसार चालणाऱ्या राज्यात नागरिकाची कर्तव्यं कोणती ते लिहा. मिसिसिपीच्या घटनेत अडीचशेहून जास्त कलमं. त्यातलं कुठलं द्यायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि लिहिलेलं बरोबर की चूक हेही त्याच्याच मर्जीवर. मीही एक कागद घेऊन मागच्या रांगेत बसले. कलम उतरवलं. अर्थ लिहायला घेतला आणि दुसऱ्या वाक्यालाच अडले. माझ्या शेजारी कायद्याचा एक विद्यार्थी होता. त्यानेही पेन्सिल खाली ठेवली.

मग प्राध्यापिकांनी फॅनी लू हेमर यांची हकिकत सांगितली. माझं त्यांच्याबद्दलचं वाचन तोवर नावापुरतंच होतं.

हेमरबाई मिसिसिपीतल्या अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या घरातल्या. वीस भावंडांत शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला लागल्या. १९६२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, रुलव्हिल गावच्या चर्चमधल्या सभेत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की आपल्यालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. ३१ ऑगस्टला त्या आणखी सतरा जणांबरोबर एका जुन्या बसमधून इंडियानोला गावच्या कचेरीत गेल्या. तिथे, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात चालत आलेल्या पण लेखी मंजुरी नसलेल्या कायद्यांबद्दलचं कलम आलं. उतरवून काढलं, अर्थ सांगता आला नाही, नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवून ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा, शाळेच्या बससारखा दिसतो. घरी पोचेपर्यंत मळ्याच्या मालकाला बातमी लागलेली होती. अर्जात 'नोकरी कोणाकडे' हा प्रश्न कशासाठी असायचा ते इथे कळतं. शिवाय अर्जदारांची नावं दोन आठवडे गावच्या वर्तमानपत्रात छापायची, असा कायदाच राज्याने त्या वर्षी केला होता. मालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं त्या मळ्यावर काढलेली बाई म्हणाली, मी नाव नोंदवायला गेले ते तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी गेले. त्याच रात्री त्यांना घर सोडावं लागलं. पुढच्या वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये, विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की मूत्रपिंडाचं दुखणं जन्मभर मागे राहिलं.

सभागृहात कोणी बोलत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी आजी उभी होती.

माझी आजी कराडजवळच्या एका खेड्यातली. तिला अक्षरओळख नव्हती, कागदावर अंगठा उठवायची. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट ती दर मतदानाच्या वेळी आम्हाला सांगायची. बायकांची वेगळी रांग, बोटाला शाई, हातात मताचा कागद, आणि आत गेलं की प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. "बैलजोडी वळखाया साळंत जावं लागतंय व्हय?" असं म्हणायची. शाईचं बोट दोन दिवस पदरातून बाहेर काढून शेजारणींना दाखवलं होतं म्हणे. कोणी तिला घटनेचं कलम वाच म्हटलं नाही. तू कोणाच्या शेतावर जातेस, असं कोणी विचारलं नाही.

हे सुखासुखी झालेलं नव्हतं. शिकलेल्यांना आणि सारा भरणाऱ्यांनाच मत असावं, असं म्हणणारी मोठमोठी माणसं तेव्हा आपल्याकडेही होती. १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत मागितलं, आणि पुढे घटनेत ते आलं. म्हणून १९६२ च्या ऑगस्टपर्यंत माझ्या अंगठा उठवणाऱ्या आजीने लोकसभेला तीनदा मत दिलेलं होतं. जगातली सगळ्यात जुनी लोकशाही म्हणवणाऱ्या या देशात त्याच महिन्यात हेमरबाईंना पहिल्यांदा कळत होतं की मत हा आपलाही हक्क आहे. आजीचं बोट आणि हेमरबाईंचा तो अर्ज एकमेकांशेजारी ठेवून बघा. मग सांगा, हा आपल्या लोकांचा विषय नाही?

विद्यापीठातल्या चर्चा म्हणजे रिकामटेकडेपणा, असंही आपल्यात बोललं जातं. पोटापाण्याला लागलेल्या माणसाने हे म्हणावं, यात मला नवल वाटत नाही. पण रुलव्हिलच्या सभेत हेमरबाईंना मताच्या हक्काबद्दल सांगणारी ती तरुण मुलं आली कुठून, हे मी नंतर शोधलं. १९६० च्या ईस्टरला नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरी, शॉ युनिव्हर्सिटीत, विद्यार्थ्यांची एक बैठक भरली होती. ती भरवली होती एला बेकर या बाईंनी. त्या त्याच विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थिनी, तेव्हा ५६ वर्षांच्या. मोठ्या संघटनांच्या पुढाऱ्यांना विद्यार्थी आपल्या पंखाखाली हवे होते. बेकरबाईंनी मुलांना बळ दिलं, की तुमची संघटना तुमचीच ठेवा. त्या बैठकीतून 'स्निक' ही विद्यार्थी संघटना उभी राहिली, आणि दोन वर्षांनी तिचेच कार्यकर्ते रुलव्हिलच्या चर्चमध्ये पोचले. एका विद्यापीठातली दोन-तीन दिवसांची बोलणी एका खेड्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत गेली, ती अशी.

त्याच्याही आधीची एक रात्र आहे. माझं मन त्या रात्रीवर फार रेंगाळतं. १ डिसेंबर १९५५. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमध्ये जागेवरून न उठल्याबद्दल अटक झाली. हे आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकातही आहे. पुस्तकात सहसा नसतं ते पुढचं. त्या गावात कृष्णवर्णीय स्त्रियांची एक राजकीय परिषद १९४६ पासून काम करत होती. ती काढली होती अलाबामा स्टेट कॉलेजच्या इंग्रजीच्या विभागप्रमुख मेरी फेअर बर्क्स यांनी. १९५५ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या जो ॲन रॉबिन्सन, त्याच विभागातल्या प्राध्यापिका. अटकेची बातमी कळल्यावर रॉबिन्सनबाई रात्रीच कॉलेजात गेल्या. बरोबर एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. सोमवारी कोणीही बसमध्ये चढू नका, असा मजकूर त्यांनी रात्रभर सायक्लोस्टाइलवर काढला. कागद कमी लागावा म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा, मग पानं कापायची, गठ्ठे बांधायचे. उजाडेपर्यंत हजारो पत्रकं तयार. सकाळी आठला त्यांनी आपला तास घेतला आणि मग गाडीत गठ्ठे टाकून वाटायला निघाल्या.

सायक्लोस्टाइल म्हटलं की मला माझे वडील दिसतात. ते हायस्कूलला शिक्षक. परीक्षेच्या आधी शाळेत पेपर काढायला थांबायचे. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, रुळाला शाई लावायची, दांडा फिरवत राहायचं. घरी यायचे ते कोपरापर्यंत काळे होऊन, आणि शर्टाचा तो वास दोन धुण्यांतही जायचा नाही. पन्नास पेपर काढायला त्यांचा तास जायचा. हजारो पत्रकं काढलेली ती बाई सकाळी आठला वर्गात उभी राहिली तेव्हा तिच्या हातांची काय अवस्था असेल, याचा विचार मी खुर्च्या मांडताना पुष्कळदा करते. बहिष्कार ३८१ दिवस चालला. जगाला त्यातून मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव कळलं. रॉबिन्सनबाई सरकारी कॉलेजातल्या, नोकरीवर टांगती तलवार, म्हणून मागेच राहिल्या. १९६० मध्ये त्यांना ते कॉलेज सोडावं लागलं.

आता आपल्याकडे येते. आपल्या स्नेहसंमेलनात एखादे काका हमखास उठतात आणि "खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो" ही गोष्ट सांगतात. माझ्या मिस्टरांचे थोरले काकाही १९७१ साली तसेच आले. त्यांच्या कष्टाचं मोल मी कमी करत नाही. कडाक्याच्या थंडीत एका खोलीत चौघं राहिलेली माणसं आहेत ती. पण ते आठ डॉलर घेऊन उतरायला दार कसं उघडलं, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाचा खटला इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून मला गोऱ्यांत धरा आणि नागरिकत्व द्या, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. उच्च जातीचा दाखला इथे चालला नाही, हे आपण विसरू नये. १९४६ मध्ये नागरिकत्वाची वाट उघडली, पण अख्ख्या भारतासाठी वर्षाला कोटा होता १०० माणसांचा. तो देशनिहाय कोटा मोडला ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याच्या आधी दोन महिने, ६ ऑगस्टला, कृष्णवर्णीयांच्या मताचं रक्षण करणाऱ्या कायद्यावर सही झाली होती. दोन्ही कायदे एकाच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केले, दोन्हींवर सही एकाच अध्यक्षांची. शीतयुद्धात जगापुढे तोंड दाखवायचं होतं, डॉक्टर-इंजिनीअर हवे होते, ही कारणं होतीच. तरी माणसाला त्याच्या वंशावरून मोजू नये, हे या देशाच्या संसदेला तेव्हा ऐकावं लागलं, कारण दहा वर्षं रस्त्यावर उतरून, तुरुंगात मार खाऊन कोणीतरी ते ऐकवत होतं. विनोनाच्या तुरुंगातला मार त्यातलाच. आपल्या व्हिसावर त्यांची सही नाही. पण आठ डॉलरच्या गोष्टीत पहिलं वाक्य त्यांचं असायला हवं.

मंडळांकडून येणाऱ्या हरकती मला माहीत आहेत. आपण करमुक्त संस्था, आपल्याला राजकारण चालत नाही, ही पहिली. नियम इतकाच आहे की मंडळाने कुठल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही. मताच्या हक्काचा इतिहास ऐकणं, त्यावर चर्चा ठेवणं, कुठल्याही पक्षाचं नाव न घेता नव्या नागरिकांची मतदार नोंदणी करून देणं, यातल्या कशालाही बंदी नाही. मत कोणाला द्यायचं हे मी कोणालाच सांगत नाही, घरात नवऱ्यालाही नाही.

दुसरी हरकत उघड कोणी लिहीत नाही, पण पॉटलकमध्ये ऐकू येते : "त्यांना मदत म्हणजे आपल्या मुलांच्या जागा जाणार." हे वाक्य मी स्वतःही बोलले आहे, मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी, याच ग्रंथालयाच्या कँटीनमध्ये. महाराष्ट्रात आरक्षणाबद्दल घराघरांत जे ऐकत वाढलो, ते आम्ही लोणच्याच्या बरण्यांबरोबर सामानात बांधून आणलं आणि इथे तसंच उघडलं. २९ जून २०२३ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणं बंद केलं. त्या खटल्यात आशियाई मुलांचं नाव पुढे होतं, आणि आपल्या व्हॉट्सॲप गटांवर त्या दिवशी पेढ्यांची चित्रं फिरली. त्याच खटल्यातून बाहेर आलेली हार्वर्डची आकडेवारी मात्र कोणी फिरवली नाही. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के हे खेळाडू म्हणून आधीच निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची किंवा तिथल्या नोकरदारांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले होते. जागा कोण घेतं याचा हिशोब करायचाच असेल तर पुरता करूया. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी माझा राग ज्यांच्याकडे वळला होता, ती माणसं चुकीची होती. तिने स्वतःच ते मला सांगितलं तेव्हा मी चिडले होते. आता चिडत नाही.

"कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विषय कशाला?" असं एकदा एका सुशिक्षित मैत्रिणीने विचारलं. तिला मी सेंट लुईसच्या जनरल मोटर्सच्या कारखान्याचा खटला सांगितला. १९७६ चा निकाल आहे. कारखान्यातल्या कामावर कृष्णवर्णीय पुरुष घेतले जात, ऑफिसात गोऱ्या बायका घेतल्या जात. कृष्णवर्णीय बायका १९६४ पर्यंत घेतल्याच नाहीत, आणि मंदीत 'शेवटी आला तो आधी जाणार' म्हणून काढल्या त्याही त्याच. त्या कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्या आहेत, कृष्णवर्णीयही घेतले आहेत, मग भेदभाव कसला? १९८९ मध्ये किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने याच खटल्यावर लेख लिहिला आणि चौकात उभ्या असलेल्या बाईचं उदाहरण दिलं : गाड्या दोन्ही रस्त्यांवरून येतात, अपघात कुठल्या रस्त्याचा म्हणून लिहायचा? मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या कामवाल्या मावशी." त्या जातीने कोण आणि बाई म्हणून काय, हे दोन्ही एकाच वेळी सोसत होत्या, हे तिला तीस वर्षांनी अटलांटात बसून दिसलं.

कमला हॅरिस २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी निवडून आल्या तेव्हा आपल्या गटांवर "आपली मुलगी" म्हणून किती कौतुक झालं! आईकडची इडली, चेन्नईचे आजोबा, सगळं निघालं. हॉवर्ड विद्यापीठ, जिथे त्या शिकल्या, आणि तिथला १९०८ पासूनचा कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा भगिनीसंघ, ज्याच्या त्या सभासद, त्यांचा उल्लेख मला फारसा दिसला नाही. आणि त्यांच्या आईचं म्हणाल, तर श्यामला गोपालन १९५८ मध्ये एकोणीस वर्षांच्या असताना बर्कलीला शिकायला आल्या. १९६२ च्या शरदात त्या तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळाच्या एका सभेला गेल्या. तिथे डोनाल्ड हॅरिस बोलत होते. नंतर त्यांच्याशी लग्न झालं, ते राहू द्या. परदेशात एकटी, साडी नेसणारी एक तमिळ मुलगी विद्यापीठातल्या वंशभेदावरच्या चर्चेला स्वतःहून जाऊन बसली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा आपल्या लोकांचा विषय नाही, असं तिला कोणी सांगितलं असेलच. आणि तो हेमरबाईंच्या इंडियानोलाच्या फेरीनंतरचाच हंगाम.

महाराष्ट्राच्या मातीत तर हे नातं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवायला झटलेल्या इथल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, की अस्पृश्यांची आणि इथल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे. डू बॉइस यांनी उलट टपाली उत्तरही दिलं. हे डू बॉइस आमच्या अटलांटातले, इथल्या विद्यापीठात दोन वेळा मिळून वीसेक वर्षं शिकवलेले. एप्रिलमध्ये फुले आणि आंबेडकर जयंतीला काही मंडळं तसबिरीला हार घालतात. त्यांना माझं सांगणं आहे, की त्या दिवशी हे पत्र वाचून दाखवा. ज्या मंडळांत हारही घातला जात नाही, त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे, पण ते आज नाही.

आमच्या जॉर्जियातल्या अलीकडच्या गोष्टी तुम्ही बातम्यांत पाहिल्या आहेत. स्टेसी अब्रॅम्स २०१८ मध्ये गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या. देशात कुठल्याही मोठ्या पक्षाने कृष्णवर्णीय स्त्रीला त्या पदासाठी दिलेली ती पहिली उमेदवारी. साधारण ५५ हजार मतांनी हरल्या आणि मतदार नोंदणीच्या कामाला लागल्या. त्या स्पेलमन कॉलेजच्या. हे कॉलेज १८८१ मध्ये इथल्या एका चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींवर सुरू झालं, बहुतेक जणी गुलामीतून सुटलेल्या. आपण पाहुण्यांना मत्स्यालय आणि कोका-कोलाचं संग्रहालय दाखवतो. स्पेलमन तिथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

२०२१ मध्ये राज्याने कायदा केला, की मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कोणी खाणं-पाणी वाटायचं नाही. रांगा कुठे लांब असतात? जास्त करून कृष्णवर्णीय वस्त्यांत. ही बातमी आली तेव्हा चर्चेत एका आजीबाईंनी विचारलं, "तहानलेल्या माणसाला पाणी देणं गुन्हा?" मी त्यांना महाडच्या चवदार तळ्याबद्दल सांगितलं. १९२७. त्यांनी माझ्याकडून ते नाव तीनदा म्हणवून घेतलं आणि वहीत इंग्रजीत लिहून ठेवलं.

आता या चर्चाच आटत चालल्या आहेत. टेक्सासने कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालयं बंद केली. फ्लोरिडाने त्याआधीच तसा कायदा केला. इतर ठिकाणी कायद्याआधीच लोक जपून बोलायला लागलेत. मी स्वतः भिंतीवर लावलेलं पत्रक दोनदा काढून नवीन लावलं. पहिल्यावर 'वांशिक न्याय' होतं, दुसऱ्यावर 'समान संधी', तिसऱ्यावर 'नागरी सहभाग'. बोलणाऱ्या बाई त्याच, हेमरबाई त्याच. टाचण्यांची भोकं मात्र भिंतीवर तिन्हीची राहिली.

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी थांबून मला खुर्च्या रचायला मदत करत होती. तिने सहज विचारलं, "तुम्ही दर वेळी असता. कामावर असता म्हणून, की ऐकायला?" मी म्हटलं, आधी कामावर असायचे. तेव्हापासून मी दाराजवळच्या स्टुलावर बसत नाही, पहिल्या रांगेत बसते.

माझी मागणी मोठी नाही. तुमच्या गावातल्या विद्यापीठात अशी चर्चा असेल तर ती तुमच्या पत्रकात छापा, जशी नाटकाची आणि ढोल-ताशाच्या सरावाची छापता. गणेशोत्सवाच्या सभामंडपात आपली शेकडो माणसं एका छताखाली असतात. त्यात मतदार नोंदणीचं एक टेबल ठेवा, आणि त्या टेबलावर इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीला मानाने बोलवा, मोदक द्या, तिचं ऐका. दर दोन वर्षांनी आपलं मोठं अधिवेशन भरतं. उद्योजकांसाठी त्यात दिवसभराचं सत्र असतं. हेमरबाईंसाठी एक तास काढा. आणि पार्टीत कोणी हलक्या आवाजात कृष्णवर्णीयांसाठीचा तो ठरलेला शब्द वापरला तर हसू नका. मुलं ऐकत असतात. माझी ऐकत होती.

आमच्याकडची पुढची चर्चा येत्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी आहे. विषय शर्ली चिझम. १९६८ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. बाई म्हणून झालेला अडथळा कृष्णवर्णीय म्हणून झालेल्या अडथळ्यापेक्षा मोठा होता, असं त्या सांगायच्या. स्वतःच्या समाजातले बरेच पुढारी त्यांच्या मागे उभे राहिले नाहीत. कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष मात्र त्यांच्या मागे उभा राहिला. त्याच वर्षी मुंबईत त्या नावावरून दलित पँथर उभी राहत होती. चर्चेत हे कोणी सांगणार नाही, कारण तिथल्या कोणाला माहीत नाही. तुमच्यातलं कोणी आलं तर सांगता येईल.

वेळ संध्याकाळी साडेसहा. प्रवेश खुला, पार्किंग फुकट. मी खुर्च्या मांडायला साडेपाचलाच पोचते. माझ्या गाडीत चार जागा आहेत. देवळाच्या पार्किंगमधून पाचला निघते.

आपली,
अटलांटातली एक आजीव सभासद